गाडीचा पुढचा भाग उंचावताना

‘सस्पेन्शन’ला कोशात ‘निलंबन’ हा प्रतिशब्द सापडतो. परंतु तो वाचताच चौकशी सुरू असलेला सरकारी कर्मचारी डोळ्यांपुढे उभा राहतो, म्हणून येथे रूढ शब्दच वापरला आहे. चाके आणि चेसिस यांना जोडणारी स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर व आर्म यांची जुळणी म्हणजे सस्पेन्शन. थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्यांचे हौशी मालक ते पुढून इंच-दोन इंच उंचावून घेतात. मागे ओझे लादल्यावर गाडी समतल राहावी, यासाठी अनेक गाड्या मुळातच पुढून किंचित झुकलेल्या असतात. तो झुकाव काढून टाकणे, हा या खटाटोपाचा पहिला हेतू.

गोव्याप्रमाणेच समुद्र आणि डोंगर दोन्ही जवळ असलेल्या सुरतेत या बदलाचे गुणदोष नीट पारखता येतात. पावसाळ्यात तेथील मंडळी डांगच्या जंगलातून सापुताऱ्याकडे निघतात. ओढ्याचा काठ चढताना बंपर आधी टेकतो की चाक, हे समोरच्या चढकोनावर ठरते. चाक जमिनीला टेकते तेथून बंपर अर्धा मीटर पुढे आणि 400 मिलिमीटर उंच आहे, असे धरू. तो आणखी 40 मिलिमीटर उचलला, तर कोन ढोबळ मानाने अडीच अंशांनी वाढतो. 2020 च्या थारचा हा कोन मुळातच 41 अंशांच्या वर आहे. लाभ खरा, पण बेताचा.

डुमस आणि सुवालीच्या किनाऱ्यांवर मात्र ही उंची जवळजवळ निरुपयोगी ठरते. रुतलेल्या गाड्यांची छायाचित्रे डुमसहून अधूनमधून येतात, त्यांत उंच गाड्याही असतात. चिखलमिश्रित वाळूत गाडी तरते ती टायरच्या पसरटपणामुळे. म्हणून जाणकार हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवतात. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी उधाणाची भरती-ओहोटी पाच मीटरहून अधिक फरकाची असते, आपल्याकडे ती सुमारे दोन मीटर. तेथे रुतलेल्या गाडीला पाण्याने गाठायला वेळ लागत नाही. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास मुळातच मनाई आहे, हे वेगळे सांगायला नको.

उंचावण्याची रीत गाडीगणिक बदलते. 2020 पूर्वीच्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी पोलादी कांब असते. तिच्या टोकाचा बोल्ट आवळला की एकही नवा सुटा भाग न घालता नाक वर येते. हा उपाय स्वस्त असल्यानेच त्याचा अतिरेक होतो. बोल्टने कांब कडक होत नाही, फक्त आर्म खाली ढकलला जातो. परिणामी खड्ड्यात चाक खाली उतरायला जागा उरत नाही आणि गाडी आपटू लागते. आतील सीव्ही जॉइंट तिरका फिरतो, त्याचे रबरी बूट फाटते, वंगण सांडते आणि सांधा कटकटू लागतो. नव्या थारला कॉइल स्प्रिंग असते. तेथे वर स्पेसर बसवतात किंवा लांब स्प्रिंग घालतात, पण सांध्यांचे दुखणे तेच.

जिम्नीचा पुढचा ॲक्सल सलग आहे. तेथे चेसिस वर जाते, डिफरन्शियल मात्र होते तेथेच राहते. त्याखालची मोकळी जागा वाढते ती केवळ मोठ्या टायरने. शिवाय कॅस्टर कोन कमी झाल्याने महामार्गावर स्टिअरिंग भरकटते. म्हणून कोणत्याही गाडीत काम झाल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवून घेणे अनिवार्य समजावे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा झोत घाटात जीवघेणा ठरतो.

एक गैरसमज पुराविषयी. ऑगस्ट 2006 मध्ये तापीने सुरत बुडवली, तशा पाण्यात इंज���न वाचवणारी गोष्ट म्हणजे हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची उंची. गाडी इंचभर उचलली, तर ती इंचभरच वाढते.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. कलम 182अ अन्वये मालकाला प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते. तेव्हा गॅरेजात पैसे मोजण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करावी.