दोन पत्र्यांमधला गंज : जुन्या पिकअपच्या केबिनची गोष्ट

१/ नागपूरहून अमरावतीकडे येताना वाटेत तिवसा लागते. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आता ५३ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता वऱ्हाडच्या काळ्या, कापसाच्या जमिनीतून जातो. या मुलखात वापरलेल्या जुन्या पिकअपचे आयुष्य बॉनेटवरच्या रंगावरून कळत नाही. दार उघडून पायाखालचे रबर उचलावे लागते. केबिनचा तळपत्रा दाराच्या उंबऱ्याला जिथे जोडलेला असतो, तो सांधा सगळे सांगतो.

२/ हा सांधा मुळात आला कुठून? मोटारयुगाच्या आरंभी केबिनचा सांगाडा लाकडी असे आणि तळाला फळ्या. फळी कुजली की सुतार ती बदले. वऱ्हाडातील बैलबंडीचेही तसेच होते : साटा सुताराचा, चाकाची लोखंडी धाव लोहाराची, आणि प्रत्येक भाग वेगळा काढता येणारा.

३/ १८८६ मध्ये अमेरिकेतील एलिहू थॉमसन यांनी विजेच्या साहाय्याने धातू जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. १९१२ मध्ये एडवर्ड बड यांनी फिलाडेल्फियात कंपनी काढली आणि १९१४ च्या डॉज मोटारीला पूर्ण पोलादी बॉडी दिली. एकावर एक ठेवलेले दोन पत्रे ठरावीक अंतरावर वितळवून चिकटवण्याचे तंत्र, म्हणजेच स्पॉट वेल्डिंग, पुढे कारखान्यांत रूढ झाले. वेग वाढला, खर्च घटला. मात्र सुटे भाग संपले आणि सांधे उरले.

४/ ही विद्या मुंबईमार्गे महाराष्ट्रात आली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीत शेव्हर्ले गाड्यांची जुळणी सुरू केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, फार्गो या नावांची वाहने बाहेर पडू लागली. त्याच सुमारास महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी हाती घेतली. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशी उत्पादनाचा आग्रह धरला आणि १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. त्यांच्या केबिनचा तयार पत्रा मिळेनासा झाला, तेव्हा तो ठोकून घडवण्याचे काम गॅरेजमधल्या डेंटरकडे आले.

५/ या सांध्यात एक जन्मजात दोष होता. वेल्डिंगच्या दोन टाक्यांमध्ये केसाएवढी फट राही आणि रंग तिथवर पोहोचत नसे. पाणी मात्र केशाकर्षणाने आत ओढले जाई. केंब्रिजचे यूलिक एव्हन्स यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की, ओल्या धातूच्या ज्या भागाला प्राणवायू कमी मिळतो, तोच भाग अधिक झिजतो. बंद फट ही नेमकी तशी जागा असते. म्हणूनच वरचा पत्रा चकचकीत दिसत असताना आतला सांधा पोखरलेला निघतो.

६/ वऱ्हाडात याला मातीची जोड मिळते. काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चाकांनी उडवलेला आणि चपलांबरोबर आत आलेला चिखल सांध्यात ठासून बसतो. पाऊस थांबला, आकाश निवळले, तरी तो ओल धरून ठेवतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि दोन टाक्यांमधला पत्रा फुगवून उचलतो. हे फुगवटेच रोगाची पहिली खूण होत.

७/ यावर रुळलेला उपाय म्हणजे ठिगळ. भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, गॅस वेल्डिंगने कडा जोडायच्या, वरून डांबर किंवा लांबी फासायची. कापूस बाजारात पोहोचवायचा असेल तर गाडी संध्याकाळपर्यंत हवीच असते. त्यामुळे या उपायाला हसण्याचे कारण नाही. तथापि जुन्या गंजावर बसवलेले ठिगळ स्वतःच एक नवा सांधा निर्माण करते. आतला गंज झाकला जातो, थांबत नाही. आणि सीट ज्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तोच आतून विरत जातो.

८/ टिकाऊ दुरुस्तीचा क्रम उलटा असतो. आधी सीट आणि वायरी काढायच्या. अनेक जुन्या पिकअपमध्ये इंधनाची टाकी सीटमागे असे, तीही बाहेर काढायची. दारांच्या चौकटीत आडव्या सळ्या वेल्ड करायच्या, नाहीतर तळ कापताच केबिन वाकडी होते आणि दारे पुन्हा बसत नाहीत. मग एकेक टाका ड्रिलने सोडवून पत्रे विलग करायचे आणि निरोगी धातू लागेपर्यंत कापायचे. दोन्ही आतल्या पृष्ठांवर जस्तयुक्त प्रायमर लावायचा. नव्या पत्र्यात भोके पाडून त्यांतून टाके भरायचे, तेही एका रांगेत नव्हे तर जागा बदलत, म्हणजे उष्णतेने पत्रा वेडावाकडा होत नाही. शेवटी सांध्याच्या दोन्ही बाजूंना सीलर, पोकळीत मेण आणि निचऱ्याची भोके मोकळी.

९/ कारखान्यांनाही हा धडा उशिराच उमगला. १९६० च्या दशकात फोर्डने संपूर्ण बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने लेप चढवण्याची पद्धत आणली. पुढे जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे सर्रास वापरात आले. त्याआधीच्या गाड्यांच्या सांध्यांना हे संरक्षण मिळालेच नाही.

१०/ आज हा प्रश्न केवळ गॅरेजचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातील, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली वाहने त्यांत बसतात. परंतु हे नियम दुचाकींना आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकींना लागू आहेत. माल वाहण्यासाठी बनलेली पिकअप त्या व्याख्येबाहेर राहते. संस्थानिकांच्या मोटारीला वारशाचा मान मिळतो, आणि कापूस-संत्री वाहणारी गाडी भंगारात जाते.

११/ वऱ्हाडचा बाजार बैलबंडीवरून मोटारीवर आला, त्या स्थित्यंतराची साक्ष कागदांपेक्षा अशा केबिनमध्ये अधिक आहे. तळपत्र्यावरचे ठोके, तीन पिढ्यांची ठिगळे, फटीत अडकलेली काळी माती हे सारे दस्तऐवजच होत. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी जुन्या सांध्याची छायाचित्रे काढावीत, मापे टिपून ठेवावीत आणि जेवढे सडले आहे तेवढेच कापावे. बाकीचा पत्रा ज्यांनी ठोकून घडवला, त्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. त्यांचे काम तेवढे शिल्लक आहे.