सूक्ष्माचें चित्र आणि यंत्राचा दोष

लहान वस्तु मोठी करून पाहण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. परंतु ज्या भिंगानें वस्तु मोठी होते त्याच भिंगानें आपली चूकहि मोठी होते, ही गोष्ट हौशी माणसाच्या ध्यानांत बहुधा उशिरां येते. मुंगीच्या मिशांचें, फुलांतील परागांचें किंवा धान्याच्या अंकुराचें छायाचित्र घेऊं पाहणारा मनुष्य पहिलें चित्र पुसट आलेलें पाहतो आणि ‘यंत्र बिघडलें’ असा निकाल देऊन मोकळा होतो. आज मला या निकालाविषयींच थोडें बोलावयाचें आहे. कारण आपल्याकडील चित्रविद्येचा आरंभकाळ हा केवळ यंत्रें विकत घेणाऱ्यांचा इतिहास नाहीं. दोष नेमका कोठें आहे हें शोधीत बसणाऱ्यांचा तो इतिहास आहे. आणि त्यांतील एक जुनें पान आपल्या कल्याणचें आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. मुंबईच्या बंदरांत उतरणाऱ्या विलायती नवलाईला कल्याण आतां दूर राहिलें नाहीं. या नवलाईपैकींच एक म्हणजे मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरील लहान चित्र दिव्याच्या उजेडानें पडद्यावर मोठें करून दाखविणारा कंदील. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं आपल्या मुलांच्या साह्यानें १८९२ च्या सुमारास त्याचे खेळ सुरू केले, आणि त्यांस ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव दिलें. शांबरी म्हणजे मायाविद्या. तेव्हां हा मायेचा कंदीलच म्हणावयाचा. काचेवर हातानें रंगविलेलीं पौराणिक पात्रें, एकामागून एक सरकणाऱ्या काचा, आणि त्यांच्या जोडीला निवेदन व संगीत, असा तो थाट होता. चलच्चित्र आपल्या देशांत येण्यापूर्वींच या मंडळींनीं पडद्यावरचें चित्र हलतें केलें होतें.

या खेळाची खरी कसोटी कोठें लागते तें पाहा. तीन इंच रुंदीचें काचेवरील चित्र दहा फूट रुंदीच्या पडद्यावर टाकलें म्हणजे तें चाळीस पट मोठें होतें. काचेवर कुंचला केसभर घसरला तर रामाची भुवई पडद्यावर बोटभर सरकते. बोटाचा ठसा राहिला तर आकाशांत ढग उमटतो. दिवा मधोमध नसला तर चित्राची एक बाजू काळवंडते आणि कडेला रंगांची झालर दिसते. पावसाळ्यांत तर निराळीच अडचण. चित्राची काच आणि तिच्यावरील झांकणाची काच यांमध्यें दमट हवा अडकलेली असते. कंदील तापूं लागला म्हणजे तिचें धुकें होऊन सारें दृश्य झांकोळतें. उष्णता एकदम लागली तर काच तडकते ती वेगळीच. म्हणून जाणता खेळवाला काचा आधीं हलक्या ऊबेवर धरून कोरड्या करून घेई.

समजा, पडद्यावर डाग दिसला. तो दिव्याचा, काचेचा, भिंगाचा, कीं पडद्याचा? येथें घाबरून सर्व यंत्र खोलण्याचें कारण नसतें. चित्राची काच किंचित् सरकवावी. डाग तिच्याबरोबर सरकला तर दोष काचेचा. भिंग त्याच्या नळींत फिरवावें. डाग फिरला तर दोष भिंगाचा. कंदील थोडा वळवावा. डाग जागच्या जागीं राहिला तर पडदा धुवावयास टाकावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि बाकीच्या स्थिर ठेवावयाच्या, एवढाच या विद्येचा मंत्र आहे. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याचा दोष कधीं कधीं जातो खरा. पण तो कशानें गेला हें त्याला समजत नाहीं, आणि पुढल्या खेळाला तो पुन्हां हजर होतो.

चलच्चित्राचा कॅमेरा आला तेव्हां हा मंत्र आचरणें अधिक कठीण झालें. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्यें हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्रण केलें. परंतु तें चित्रण धुण्यासाठीं लंडनला पाठवावें लागलें. कुस्ती मुंबईस आणि निकाल विलायतेस! चुकीचें फळ जेव्हां कांहीं आठवड्यांनीं हातीं येतें, तेव्हां चूक कशी झाली हें आठवणेंहि अवघड होऊन बसतें. दोष आणि त्याचा शोध यांमधील हें अंतर तोडणें, हेंच पुढील माणसाचें काम होतें.

तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. छायाचित्रण, छपाई, ठशांचें काम, सर्व त्यांच्या हाताखालून गेलें होतें. चित्रपटाचा ध्यास लागल्यावर त्यांनीं रात्री रात्री मेणबत्ती व भिंग घेऊन फिल्मच्या तुकड्यांची चित्रें भिंतीवर टाकून पाहिलीं. या खटाटोपांत त्यांची दृष्टि इतकी बिघडली कीं, डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनीं व तीन-चार चष्म्यांच्या मदतीनें ती परत आणावी लागली. पुढें १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र घेऊन परतले, आणि दादरच्या घरींच त्यांनीं काळोखी खोली उभारली. आतां चित्र घेणें आणि तें धुऊन पाहणें एकाच छपराखालीं आलें. सावे दादांच्या वेळचें तें सारें अंतर चार पावलांवर आलें.

यानंतर त्यांनीं जो प्रयोग केला तो आपल्या विषयाचा गाभा आहे. कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ त्यांनीं एकेक चित्र घेऊन टिपली. महिन्याभराची वाढ पडद्यावर एखाद-दोन मिनिटांत उलगडली. हें चित्र पाहिल्यावर त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला, कर्ज मिळणें शक्य झालें, आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. लोक या वाटाण्याला कौतुकाची गोष्ट म्हणून सांगतात. मला मात्र ती यंत्राची परीक्षा वाटते, आणि परीक्षा यापेक्षां कठोर असूं शकत नाहीं.

कारण जवळच्या लहान वस्तूचें चित्र सर्व दोष एकदम उघडे करतें. वस्तु जेवढी आहे तेवढीच फिल्मवर उमटवावयाची झाल्यास, दूरच्या देखाव्यासाठीं भिंग फिल्मपासून जेवढ्या अंतरावर असतें त्याच्या दुप्पट अंतरावर तें न्यावें लागतें. त्यामुळें फिल्मवर पडणारा उजेड चौथाईवर येतो. चित्र काळें आलें तर भिंगास दोष देण्यापूर्वीं हा हिशेब करावा. शिवाय अशा चित्रांत स्पष्टतेचा पट्टा अत्यंत अरुंद असतो. पान स्पष्ट दिसलें तर देंठ पुसट होतो. हाहि बिघाड नव्हे, भिंगाचा धर्म आहे. वाटाण्याच्या चित्रणांत आणखी एक संकट होतें. कॅमेरा किंवा कुंडी सुतभर हलली, तर पडद्यावर अंकुर वाढण्याऐवजीं नाचूं लागेल. आणि दोन्ही स्थिर असूनहि फिल्मचीं भोकें समान अंतरावर नसलीं, तरी तो नाचेलच.

हीं भोकें कोण पाडीत असे? त्या काळीं कोरी फिल्म भोकांवांचून येई. सरस्वतीबाई फाळके काळोखांत बसून, केवळ हाताच्या अंदाजानें, तें यंत्र चालवीत असत. एका चित्राला दोहों कडांस मिळून आठ भोकें, आणि एका फुटांत सोळा चित्रें. म्हणजे फुटाला एकशें अठ्ठावीस भोकें. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारें ३,७०० फुटांचा होता. पडद्यावर हरिश्चंद्र स्थिर उभा राहिला त्याचें श्रेय जितकें कॅमेऱ्याच्या मागें उभ्या असलेल्या पुरुषास आहे, तितकेंच काळोखांतल्या त्या बाईच्या हातास आहे. दोष न होऊं देणारा हात इतिहासांत दिसत नाहीं, कारण त्याचें काम साधलें कीं दाखवावयास कांहींच उरत नाहीं.

आतां साधनें पालटलीं आहेत, परंतु हवा तीच आहे. ठाण्याची खाडी, कल्याण-डोंबिवलीजवळून वाहणारी उल्हास नदी आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळें कपाटांत बंद राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. भिंग कातडी पिशवींत ठेवूं नये, ती ओल धरून ठेवते. हवाबंद डब्यांत सिलिका जेल घालून ठेवावें आणि मधून मधून वापरावें. रुळांलगतच्या इमारतींत चित्र पुसट येत असेल तर लोकल निघून जाईपर्यंत थांबून पुन्हां घ्यावें. तेवढ्यानें स्पष्ट आलें तर दुरुस्तीचा खर्च वांचला. डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रांत डाग दिसल्यास भिंग बदलून पांढऱ्या भिंतीचें चित्र घ्यावें. डाग गेला तर तो भिंगाचा होता. राहिला तर आंतील पडद्यावर धूळ आहे. ही परीक्षा त्या जुन्या कंदिलाच्या परीक्षेहून निराळी नाहीं.

श्रोतेहो, फाळक्यांच्या वाटाण्याचें तें चित्र आज उपलब्ध नाहीं. अंकुर गेला, फिल्म गेली. राहिली ती पद्धति. यंत्र आपल्याला परदेशांतून मिळूं शकतें, पैसा कर्जाऊ मिळूं शकतो; परंतु दोष कोठें आहे हें शांतपणें विचारण्याची संवय मात्र ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते. ती ज्या घरांत आहे त्या घरांतील जुना कॅमेराहि पुष्कळ दिवस चालतो.