करप्याचे कूळ

चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांद्याइतकाच मान बटाट्याला आहे. खेड-आंबेगावकडे खरिपात ढगाळ हवा धरली आणि बटाट्याचा पाला काळवंडू लागला की शेतकरी एकच नाव घेतात : करपा. पण हा करपा सगळीकडे एकाच कुळातला नसतो, आणि आपल्या शेतात कोणते कूळ शिरले आहे यावर फवारणी लागू पडणार की वाया जाणार हे ठरते.

उशिरा येणाऱ्या या करप्याचे शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. तो वाढतो बुरशीसारखा, वंशाने मात्र तपकिरी शेवाळांच्या जवळचा. त्याचे मूळ घर अँडीज की मेक्सिको, हा वाद बरीच वर्षे चालला. 2014 मधल्या जनुकीय अभ्यासाने कौल मध्य मेक्सिकोला दिला. तिथे त्याचे ए1 आणि ए2 हे दोन्ही मिलनगट एकत्र नांदतात, त्यांचा संकर होतो, म्हणून विविधताही मोठी. बाहेर पडली ती मोजकी कुळे, आणि ती स्वतःच्याच प्रती काढत पसरली. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा नासवून सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेणाऱ्या दुष्काळामागे कोणते कूळ होते, ते 2013 मध्ये उलगडले. जुन्या संग्रहांत जपलेल्या वाळक्या पानांतून त्याचा डीएनए मिळाला. त्या कुळाला नाव दिले हर्ब-1.

भारतात करपा एकोणिसाव्या शतकातच निलगिरीत पोहोचला होता. खरी उलथापालथ अलीकडची. 2004 च्या सुमारास युरोपात ‘ब्लू 13’ नावाचे ए2 गटातले कूळ दिसले. ते आक्रमक तर होतेच, शिवाय मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाला दाद देत नव्हते. काही वर्षांतच कर्नाटकात टोमॅटोवर करप्याचा उद्रेक झाला. बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी नमुने तपासले, तर तेच कूळ.

वाऱ्यावर बीजाणू काही कोस जातात. समुद्र आणि राज्ये ओलांडायला करप्याला रोगट बेणे पुरते. आंबेगावच्या सातगाव पठारावर लागणारे बेणे मुख्यतः पंजाबातून येते, म्हणून ही कुळकथा आपल्या बांधापर्यंत येऊन भिडते.

तेव्हा बेणे घेताना भावाबरोबर त्याचे गाव आणि प्रमाणपत्रही विचारा. मेटॅलॅक्झिल मारूनही करपा हटला नाही, तर तेच औषध दुप्पट करू नका. पाल्याचा ताजा नमुना घेऊन नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र गाठा.