अजिंक्य, परंतु अनिमंत्रित

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू आणि शाळेमागचे धुळीचे मैदान उभे राहते. अमेरिकेत या नावाने खेळला जाणारा खेळ निराळा, रग्बीच्या जवळचा. चेंडू लंबगोल, तो छातीशी धरून धावायचे आणि समोरची माणसांची भिंत फोडून मैदानाचे टोक गाठायचे. त्याचे सारे नियम आम्हांलाही उमगलेले नाहीत. परंतु १९५१ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोच्या येशूसंघीय विद्यापीठातील मुलांनी जे केले, ते समजण्यास नियम ठाऊक असण्याची गरज नाही.

या कथेचा आरंभ त्या विद्यापीठात नव्हे, तर त्याच शहरातील एका ज्युनियर कॉलेजात झाला. आपल्याकडील अकरावी-बारावीचे हे कॉलेज नव्हे. अमेरिकेत शालेय शिक्षण संपल्यावर दोन वर्षे शिकविणारी ही संस्था. तिचे शुल्क बेताचे, म्हणून कष्टकऱ्यांच्या मुलांना ती जवळची. १९३५ साली स्थापन झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजने १९४८ च्या हंगामात बारा सामने खेळले आणि बाराही जिंकले. प्रशिक्षक होते ग्रोव्हर क्लेमर, स्वतः एके काळचे विक्रमी धावपटू. त्या संघात दोन कृष्णवर्णीय तरुण होते. ऑली मॅटसनचा जन्म टेक्सासचा, बर्ल टोलर टेनेसी राज्यातील मेम्फिसचा.

दोघेही मूळचे दक्षिणेकडील. तेथे शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, बसमधील जागाही वेगळ्या. त्या प्रदेशातील अनेक कॅथोलिक चर्चमध्ये कृष्णवर्णीय भाविकांना मागची बाके दिली जात. हे वाचून आपण फार दचकण्याचे कारण नाही. आपल्या देशातही जातीपरत्वे ख्रिस्ती दफनभूमीत भिंत उभी राहिल्याचे दाखले आहेत.

१९४९ मध्ये दोघेही सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात दाखल झाले. येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५५ मध्ये सुरू केलेली ही संस्था. जो कुहारिक यांच्या हाताखाली तेथे जो संघ घडला, त्यात स्थलांतरितांची मुले होती, तसेच महायुद्धावरून परतलेले तरुणही. इटालियन आईबापांचा जिनो मार्केटी हा दोन्ही होता. १९५१ मध्ये या संघाने नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२–२६ असे हरवले. सांता क्लारा आणि लॉस एंजेलिसचे लोयोला यांनाही नमविले. या तिन्ही येशूसंघीयांच्याच संस्था, म्हणजे सारा घरचाच मामला! कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७–१४ असा धुव्वा उडाला, तेव्हा मोठे निमंत्रण आता येणारच, असे सर्वांस वाटू लागले. मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली. देशात तेवढी कोणाचीच नव्हती.

निमंत्रण म्हणजे ‘बोल’ सामन्याचे. नववर्षाच्या सुमारास निवडक संघांचे हे सामने होतात आणि त्यांतून महाविद्यालयांस भरघोस रक्कम मिळते. विद्यापीठाचा फुटबॉल विभाग तोट्यात होता. तो तगण्याची हीच एक आशा होती. परंतु यांतील बडे सामने दक्षिणेत होत. तेथून अट कानी आली: मॅटसन व टोलर यांना घरी ठेवून या, मग पाहू. संघाने नकार दिला. त्यासाठी मतदानाची वेळही आली नाही, असे खेळाडू पुढे सांगत.

१९५२ च्या नववर्षदिनी मायामीचा ऑरेंज बोल जॉर्जिया टेक आणि बेलर यांच्यात झाला. सॅन फ्रान्सिस्कोची मुले घरी होती. विद्यापीठाने त्या हंगामानंतर हा खेळच बंद केला. आम्हांला येथे थोडे थांबावेसे वाटते. येशूसंघाचा अभिमान आम्हांलाही आहे, परंतु या नकाराचे श्रेय झग्यांआधी विशी-पंचविशीतल्या त्या मुलांना द्यावयास हवे. गमावण्यासारखे होते ते त्यांचेच.

त्या संघातील मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर या तिघांना व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पुढे स्थान मिळाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मॅटसनने ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्यपदक जिंकले. आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, ते याच ऑलिम्पिकमध्ये.

टोलरचे नशीब वेगळे निघाले. १९५२ मध्येच एका प्रदर्शनी सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला आणि व्यावसायिक खेळाचे दार बंद झाले. तो शिक्षक झाला, नंतर सॅन फ्रान्सिस्कोतील माध्यमिक शाळेचा पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. १९६५ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगने त्याला पंच नेमले. त्या पदावरील तो पहिलाच कृष्णवर्णीय. लीगचे आयुक्त तेव्हा पीट रोझेल होते. १९५१ साली हेच रोझेल विद्यापीठाच्या संघाची प्रसिद्धी पाहत असत. १९८० च्या सुपर बोलमध्येही टोलरने पंचगिरी केली. २००९ मध्ये तो निवर्तला. मॅटसन २०११ मध्ये.

विद्यापीठातील एका वसतिगृहास जेम्स फेलन यांचे नाव होते. ते शहराचे महापौर, पुढे सिनेटर आणि याच संस्थेचे माजी विद्यार्थी. कॅलिफोर्निया गोरा ठेवा, या घोषणेवर त्यांनी १९२० ची निवडणूक लढविली होती. रोख होता आशियाई स्थलांतरितांवर. विद्यार्थ्यांनी त्या नावास हरकत घेतली. २०१७ मध्ये ते नाव उतरविण्यात आले आणि वसतिगृहास बर्ल टोलर यांचे नाव देण्यात आले.