कट्ट आणि कट्टा: हुसेनसागरच्या काठावरची पायवाट

तेलुगूत तलावाच्या बांधाला ‘कट्ट’ म्हणतात. आपल्या मराठीत कट्टा म्हणजे चार जणांनी बसून गप्पा मारायची जागा. दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात, आणि हुसेनसागरच्या बांधावर ते खरोखरच एकत्र नांदतात. बांध पाणी अडवायला घातला, पण लोकांनी त्याचा कट्टा करून टाकला. हे कसं घडलं, आणि त्यात बांधाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आपल्या चिक्कडपल्लीच्या वाट्याला काय आलं, ते या टिपणात मांडायचं आहे.

हुसेनसागर इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळातला, १५६२-६३ च्या सुमाराचा. चारमिनार १५९१ चा. म्हणजे हैदराबाद शहर वसायच्या आधीच हा तलाव होता! ज्यांच्या देखरेखीखाली तो बांधला गेला, त्या हुसेनशाह वलींचं नाव त्याला मिळालं. १८०६ मध्ये इंग्रजांची छावणी ‘सिकंदराबाद’ नावाने उभी राहिली आणि बांधाला दुसरं काम लागलं. पाणी अडवणारी भिंत आता दोन शहरांना जोडणारी वाटही झाली.

१९४६ मध्ये दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी हा रस्ता रुंद करून घेतला. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. नांदेड-परभणीची मुलं गाडीने काचीगुड्याला उतरायची, उस्मानिया विद्यापीठात शिकायची आणि संध्याकाळी बांधावर फिरायला जायची. आमचे वडील त्यातलेच. ‘खिशात पैसा नसला तरी टँक बंडवर वारा फुकट मिळायचा,’ असं ते म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची वाटणी झाली, मराठवाडा तिकडे गेला, पण कितीतरी मराठी घरं इथंच राहिली. त्यांची संध्याकाळची फेरीही राहिली.

पुढे एन. टी. रामाराव यांच्या काळात रस्ता आणखी रुंद झाला आणि बांधावर तेलुगू इतिहासातल्या थोरांचे ३३ पुतळे बसले. त्यांत वेमना आणि त्यागय्या आहेत, तसे मखदूम मोहिउद्दीन आणि गोदावरीवर धरण बांधणारे आर्थर कॉटनही आहेत. पाण्याच्या मधोमध बुद्धमूर्ती उभी करायची ठरली, पण १० मार्च १९९० रोजी मूर्ती नेणारा तराफा कलंडला. माणसं दगावली, मूर्ती तळाशी गेली. ती वर काढून १ डिसेंबर १९९२ ला उभी केली. योगायोग असा की १० मार्च याच तारखेला, २०११ साली, तेलंगणाच्या आंदोलनातल्या मिलियन मार्चमध्ये बांधावरचे बरेच पुतळे फोडले गेले. पुढे ते पुन्हा बसवले. बांधावर कोणाची आठवण उभी राहावी, हा वाद इथं असा उघड्यावर झाला.

१९९८ मध्ये पलीकडच्या काठाने नेकलेस रोड आला. फिरायला लांबलचक वाट मिळाली खरी, पण रस्त्यासाठी भर घातल्यामुळे तलावाचा काठ आत सरकला, ही तक्रार तेव्हापासून आहे. २०२१ मध्ये बांधावरच्या पदपथाला नवी ग्रॅनाइटची फरशी लागली आणि रविवारी संध्याकाळी वाहनं बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. त्या संध्याकाळी रस्त्याच्या मधोमध पोरं सायकली फिरवायची, आज्या बिनधास्त चालायच्या. चारशेहून अधिक वर्षांच्या बांधाला पुन्हा माणसांची पावलं लागली.

इथपर्यंतचा इतिहास सगळे सांगतात. पण हा झाला बांधाच्या वरच्या अंगाचा इतिहास. खालच्या अंगाला काय?

खाली उतरलं की लोअर टँक बंडवर कट्ट मैसम्मा आहे, म्हणजे बांधाची राखणदार देवी. आपल्याकडे विहिरीवर साती आसरा असतात, तशीच. जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं की बांध ही शोभेची वस्तू नव्हे, त्याची भीती बाळगावी लागते. तलाव भरला की जादा पाणी नाल्याने बाहेर पडतं. तो नाला दोमलगुडा, अशोकनगर, चिक्कडपल्ली, नल्लकुंटा असा वस्त्यांमधून जात मुसीला मिळतो. २४ ऑगस्ट २००० च्या पावसात शहरावर एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाणी पडलं. तेव्हा या नाल्याकाठच्या घरांत पाणी शिरलं. १९०८ च्या मुसीच्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावून उस्मानसागर आणि हिमायतसागर यांची योजना झाली. नाल्याकाठच्या माणसाच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा फक्त उंच भिंत आली. भिंत हवीच, पण भिंतीमागे गेलेला नाला कचराकुंडी व्हायला वेळ लागत नाही. जे दिसत नाही, त्याची कोणाला लाज वाटत नाही.

म्हणून आमच्या मंडळाचं म्हणणं साधं आहे. हुसेनसागरची पायवाट पुतळ्यांपाशी सुरू होऊ नये. ती चिक्कडपल्लीतून सुरू व्हावी. त्यागराय गानसभेपासून अशोकनगर, तिथून इंदिरा पार्क, मैसम्माचं देऊळ आणि मग बांधावर चढ. फार लांब नाही, रमतगमत गेलं तरी तासाभरात होतं. नवं बांधकाम फारसं नको. जिथं जागा आहे तिथं धड पदपथ, सावलीला झाडं, आणि २००० साली पाणी कुठपर्यंत आलं होतं याची भिंतीवर एक रेघ, एवढं पुरे.

ती रेघ कुठं ओढायची हे सांगू शकणारी माणसं अजून या गल्ल्यांत आहेत, पण वर्षागणिक कमी होताहेत. पावसाळ्याआधी त्यांच्यासोबत एकदा ही वाट चालून घेऊ. खडू आम्ही आणतो.