पडण्याची किंमत : स्केटबोर्डच्या व्हिडिओ गेममधील गोडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने स्पर्धा, संस्था आणि विजेते यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. खो-खोची नियमावली सिद्ध करण्यासाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली समिती नेमली, ही नोंद आपल्या ग्रंथांत सापडते. परंतु खो-खो खेळताना गड्याला मौज का वाटते, या प्रश्नाकडे इतिहासाचा अभ्यासक सहसा वळत नाही. मौज दप्तरात सापडत नाही, हे त्याचे एक कारण असावे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर प्रश्न विचारण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. 'वेळेचा अपव्यय' असा शेरा मारून आपण अध्यापक मंडळी मोकळे होतो.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे छत्तीसगडच्या सीमेनजीकचे, जंगलाच्या सोबतीने राहणारे गाव. येथील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी चाके लावलेली ती फळी, म्हणजे स्केटबोर्ड, प्रत्यक्षात कधी पाहिलेली नाही. तरीही फळीवर स्वार होऊन पळणारा मुलगा त्यांच्या नित्य परिचयाचा आहे, कारण तो त्यांच्या मोबाईलमध्ये राहतो. जी वस्तू पायाखाली कधी आलीच नाही, तिच्यावरून घसरण्यात गोडी का वाटावी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, या खेळांची गोडी चित्राच्या खरेपणात नाही. पडण्याची किंमत किती असावी आणि ती कोणी ठरवावी, यावर ती अवलंबून आहे.

फळीचा पूर्वेतिहास

स्केटबोर्डचा जन्म १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. समुद्राच्या लाटांवर फळी चालविणाऱ्या तरुणांनी लाटा नसलेल्या दिवसांसाठी फळीला रोलर स्केटची चाके ठोकली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेनची चाके बाजारात आणली आणि फळीला रस्त्यावर पकड मिळाली. पुढे १९७६-७७ च्या अवर्षणात तेथील घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्या रिकाम्या, गोलाकार तलावांच्या भिंतींवर मुले फळी चढवू लागली. दुष्काळातून खेळ जन्माला यावा, हे विदर्भातील वाचकास काहीसे विचित्र वाटेल. पण इतिहासात असे घडते. १९७८ च्या सुमारास अॅलन गेलफँड याने हात न लावता फळीसह उडी घेण्याची युक्ती रूढ केली. रॉडनी मलन याने १९८० च्या दशकात ती सपाट जमिनीवर आणली. तेव्हापासून जिन्याचा कठडा, पायऱ्या, बाकडे, पदपथाची कड ही सारी खेळाची साधने झाली.

या खेळात पडणे हाडामांसाचे असते. गुडघा फुटतो, मनगट मोडते. पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने २०२२ साली गुजरातमध्ये झालेल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक मिळविले. त्या पदकामागे किती वेळा पडणे झाले असेल, याची कल्पना गुणपत्रकावरून येत नाही.

दोन मिनिटांचा डाव

स्केटबोर्डचे गेम १९८० च्या दशकात आले. अटारी गेम्सच्या '७२०°' (१९८६) या नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात वेळ संपत आली की मधमाश्यांचा थवा खेळाडूच्या मागे लागे. सेगाच्या 'टॉप स्केटर' (१९९७) या यंत्रापुढे खेळाडू खरोखरच एका फळीवर उभा राहत असे. मात्र या प्रकाराला निर्णायक वळण दिले ते 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' या गेमने. नेव्हरसॉफ्ट या संस्थेने तो घडविला आणि अॅक्टिव्हिजनने १९९९ साली प्लेस्टेशनसाठी प्रकाशित केला. त्याच वर्षी २७ जून रोजी टोनी हॉक याने सॅन फ्रान्सिस्को येथील एक्स गेम्समध्ये हवेत अडीच गिरक्या घेण्याचा पराक्रम केला होता. त्याच वर्षी १ मे रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. आमच्या भागाचा कालपट डोळ्यांसमोर राहावा एवढ्यापुरताच हा उल्लेख.

या गेमचा डाव दोन मिनिटांचा. तेवढ्या वेळात गुण मिळवायचे, विखुरलेली अक्षरे गोळा करायची, लपवलेली वस्तू शोधायची. पडल्यास खेळाडू क्षणात पुन्हा उभा राहतो. डाव फसला तर तो लगेच नव्याने सुरू करता येतो. पडणे स्वस्त आहे, हे येथील पहिले सूत्र. परंतु केवळ स्वस्त पडण्याने गोडी येत नाही. ज्या गोष्टीची किंमत नाही, तिची भीतीही नाही. म्हणून दुसरे सूत्र असे की, सलग जोडलेल्या कसरतींचे गुण आधी नुसते साठत राहतात आणि फळी नीट जमिनीवर टेकेल तेव्हाच ते पदरात पडतात. समजा, पाच कसरतींचे मिळून २,००० गुण झाले. कसरती पाच म्हणून त्या बेरजेला पाचाने गुणायचे, म्हणजे १०,०००. सहावी कसरत ३०० गुणांची असली, तरी ती साधल्यास आकडा १३,८०० वर जातो. आणि सहाव्या कसरतीत तोल गेला, तर सारेच शून्य. तीच ती कसरत पुनःपुन्हा केल्यास तिचे मोल घटते, म्हणून सोप्या वाटेने जाताही येत नाही. शरीराला ओरखडा नाही, पण जमविलेले सर्व जाते. पडण्याची किंमत खेळाडूच्या स्वतःच्या हव्यासाएवढी ठेवणे, हे या रचनेचे मर्म होय.

२००० साली आलेल्या दुसऱ्या भागात 'मॅन्युअल' ही क्रिया समाविष्ट झाली. दोनच चाकांवर फळी तोलत सपाट जमिनीवरून पुढे जाणे, एवढेच तिचे स्वरूप. पूर्वी जमिनीवर टेकताच साखळी तुटे. आता ती एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत नेता येऊ लागली. २००१ च्या तिसऱ्या भागातील 'रिव्हर्ट' या क्रियेने उतारावरून खाली आल्यावरही ती टिकविता येऊ लागली. सोय वाढली तशी जोखीमही वाढली, कारण साखळी जितकी लांब तितके गमावण्यासारखे अधिक. प्रस्तुत लेखकाने शालेय वयात मामेभावाच्या संगणकावर हा गेम खेळताना कित्येकदा 'आता थांबावे' असे मनाशी म्हटले आणि आणखी एक उडी मारली. परिणाम सांगण्याची आवश्यकता नाही.

२००७ सालच्या ईएच्या 'स्केट' या गेमने निराळी वाट धरली. त्यात कसरतीसाठी बटण दाबायचे नसून नियंत्रकावरील लहानशी काडी अंगठ्याने मागे खेचून पुढे झटकायची असते. जणू पायाची हालचाल अंगठ्यात उतरते. येथे गुणांचा डोलारा लहान, पण एक साधी उडी जमण्याचा आनंद मोठा. याउलट २००९ सालच्या 'टोनी हॉक : राइड'मध्ये खेळाडूला उभे राहण्यासाठी फळीच्याच आकाराचे नियंत्रक देण्यात आले. खरेपणाच्या दिशेने याहून मोठे पाऊल कोणते? तरीही समीक्षकांनी हा गेम नापसंत केला. फळी शरीराचे म्हणणे नीट ऐकत नव्हती. खेळाडू पडे तो स्वतःच्या चुकीने की यंत्राच्या, हे त्याला कळत नसे, आणि ज्या पडण्याचा दोष स्वतःकडे घेता येत नाही त्यातून पुन्हा प्रयत्नाची ओढ निर्माण होत नाही.

विटी, दांडू आणि गेडी

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा याने १९५८ सालच्या ग्रंथात खेळांचे चार प्रवाह सांगितले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. स्केटबोर्डच्या गेममध्ये स्पर्धा आणि भोवळ एकत्र येतात, असे म्हणता येईल. पण त्यासाठी पॅरिसपर्यंत जाण्याची गरज नाही. विटीदांडूत हाच व्यवहार आहे. टोला उंच व लांब जावा हा हव्यास. विटी झेलली गेली तर गडी बाद, ही किंमत. काही ठिकाणी विटी हवेत एकाहून अधिक वेळा टिपून मग टोलवल्यास मोजणीत वाढ मिळते. दोन टिपण्यांचा लोभ धरणारा गडी आणि सहाव्या कसरतीचा लोभ धरणारा खेळाडू एकाच जातीचे. 'वकट, लेंड, मुंड, नाल' या मोजणीत तर तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे आकडे सहज ओळखू येतात, आणि अनेक गावांत प्रत्येक आकड्यावर टोला मारण्याची तऱ्हा बदलते. तीच कसरत पुनःपुन्हा चालणार नाही, हा नियम विटीदांडूलाही ठाऊक होता. खेळाचे नियम भाषांच्या सीमा ओलांडून आले आणि त्यांची दप्तरी नोंद कोणी ठेवली नाही.

चिचगड परिसराला अधिक जवळचे उदाहरण गेडीचे. दोन बांबूंना पावले टेकविण्यापुरते आधार बांधून, त्यांवर उभे राहून चिखलातून चालायचे. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला गेडी बांधतात. आपल्या पूर्व विदर्भातही आषाढी अमावास्येपासून पोळ्यापर्यंत मुले गेडीवर दिसत. २०२२ साली छत्तीसगड शासनाने सुरू केलेल्या छत्तीसगढिया ऑलिम्पिकमध्ये गेडी दौडीचा समावेश झाला. गेडीवर गुण नसतात. उभे राहिलात तर उंच, पडलात तर चिखलात, आणि भोवतालची पोरे हसतात. येथे पडण्याची किंमत शरीर आणि गाव मिळून ठरवितात. पावसाळ्यात चिखल मऊ असतो, म्हणून हाड मोडण्याचा संभव कमी; हसू मात्र चुकत नाही. हा योग कोणा एका रचनाकाराने योजलेला नाही, पण 'प्रो स्केटर'च्या कर्त्यांनी जे साधले, ते ऋतूने आधीच साधले होते.

पडणे विकत घेताना

२०१६ नंतर स्वस्त इंटरनेट खेड्यांत पोहोचले आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती फळी आली ती 'सबवे सर्फर्स'मधून. कीलू आणि सायबो या डॅनिश संस्थांनी २०१२ साली आणलेल्या या गेमची मुंबई आवृत्तीही निघाली होती. यात मुलगा रुळांवरून धावतो. पडद्यावर दोनदा टिचकी मारली की त्याच्या पायाखाली तरंगती फळी येते. ही फळी सुमारे ३० सेकंद टिकते आणि तेवढ्या काळात धडक बसली तर स्वतः फुटून मुलाला वाचविते. म्हणजे 'प्रो स्केटर'मध्ये जी फळी धोका होती, ती येथे विमा झाली आहे. फळी नसताना धडक बसलीच, तर किल्ल्या खर्चून जीवदान मिळते. एका धावेत पहिल्या वेळी एक किल्ली, मग दोन, मग चार, मग आठ. किल्ल्या खेळून मिळतात, जाहिरात पाहून मिळतात आणि पैसे मोजूनही मिळतात.

या गेममध्ये कौशल्य नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेग वाढत जातो, बोटे आणि नजर यांची खरी परीक्षा होते. परंतु बाद होण्याच्या क्षणी पडद्यावर जो प्रश्न उमटतो, तो 'पुन्हा प्रयत्न करतोस का?' असा नसून 'किती देतोस?' असा आहे. येथे पडण्याची किंमत हव्यासाने ठरत नाही, शरीर वा गावही ठरवीत नाही. ती दुकानाच्या फलकावर लिहिलेली असते. वर्गात याविषयी चर्चा केली असता एका विद्यार्थ्याने सांगितले की, किल्ल्या वापरून केलेला उच्चांक तो मित्रांना दाखवितो, पण स्वतः मोजत नाही. मोजायचा तो बिनकिल्लीचा. नियमावलीत नसलेला हा नियम त्या मुलांनी आपसांत केला आहे. बिनकिल्लीचे आकडे त्यांच्या वह्यांच्या मागील पानांवर लिहिलेले असतात.

या पट्ट्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेडी मोडून गावाबाहेर टाकण्याची रीत होती. त्यानंतर वर्षभर कोणी गेडीवर चढत नसे.