वसंतोत्सव : राजसभेपासून माळरानापर्यंत

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’ची प्रस्तावना वाचताना एक लहानशी गोष्ट आपल्या नजरेतून सहसा निसटते. विद्वानांच्या परिषदेने हे नाटक वसंतोत्सवात करावयास सांगितले आहे, असे सूत्रधार आरंभीच सांगतो. पुढे जुन्या आणि नव्या कवींविषयी त्याची व त्याच्या साहाय्यकाची जी चर्चा होते ती इतकी प्रसिद्ध आहे, की तिच्या तेजात वसंतोत्सवाचा उल्लेख झाकून जातो. पण नाटकाचा पहिला मोठा प्रसंगही कलेच्या परीक्षेचाच आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो आणि तो आचार्यांच्या नव्हे तर त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून मिटवावा असे ठरते. परिव्राजिका कौशिकी परीक्षक होते. विद्या स्वतःपाशी असणे निराळे आणि ती दुसऱ्याच्या अंगी उतरविता येणे निराळे. ज्याला ही दोन्ही साधली तोच शिक्षकांचा अग्रणी, असा तिचा निकष आहे. विद्यार्थ्यांच्या कलेचे वसंतातील प्रदर्शन म्हणतात ते आपल्या वाङ्मयात असे फार जुने आहे. आणि त्यात नाचणारी मालविका विदर्भाची राजकन्या, हेही मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे.

मात्र या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आचार्यांचा हा वाद मुळात विदूषकाने लावून दिलेला आहे. राणीने दृष्टिआड ठेवलेली मालविका राजाला पाहावयास मिळावी, एवढाच त्यातला मतलब. म्हणजे शिष्येची परीक्षा हे निमित्त आणि धन्याच्या डोळ्यांचे पारणे हा हेतू! मालविकेचा प्रयोग संपतो; हरदत्त आपली पाळी मागतो; तोच मध्यान्हीची वेळ झाल्याची वर्दी येते, राजा उठतो आणि हरदत्ताचा प्रयोग राहून जातो. ज्याचा पैसा त्याची वेळ, हा राजाश्रयाचा नियम कालिदासाने एका ओझरत्या प्रसंगात सांगून टाकला आहे.

शिकणाऱ्याने कोणासमोर उभे राहावे, पाहणाराने काय द्यावे आणि या साऱ्याचा खर्च कोणी सोसावा, हे तीन प्रश्न तेव्हापासून आपल्या पाठीशी आहेत. बंगळूरच्या वायव्येस, शहरापासून सुमारे तीस किलोमीटरांवर, हेसरघट्टा नावाचे गाव आहे. तेथील माळावर विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नांना एक धाडसी उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. त्या प्रयत्नाचा इतिहास सांगावा म्हणून हा लेख. परंतु त्याआधी वाटेतले दोन-तीन मुक्काम पाहणे अवश्य आहे.

राजसभा ओसरल्या तेव्हा नृत्याला जागाच उरली नाही. म्हैसूर सरकारने १९०९ साली देवळांतील देवदासींची नृत्यसेवा बंद केली. त्या निर्णयामागे सुधारणेची तळमळ होती हे खरे. पण एका कलेचे घर त्यामुळे मोडले, हेही तितकेच खरे. सभ्य घरातील मुलीने नाच शिकावा ही कल्पना तेव्हा कोणाच्या मनात येणे कठीण होते. ती कल्पना रुजविण्याच्या कामी ज्यांनी हात लावला त्यांत शांतिनिकेतन अग्रभागी आहे. १९०७ साली रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने आश्रमातील मुलांना घेऊन वसंतात ऋतूचा उत्सव केला. हा मुलगा त्याच वर्षी वारला. त्या बालखेळातून पुढे शांतिनिकेतनचा वसंतोत्सव वाढला. पिवळी वस्त्रे नेसलेले विद्यार्थी आम्रकुंजांत गात-नाचत फिरतात आणि पाहणाऱ्याकडून कोणी कवडी मागत नाही, हे दृश्य पुढे सगळ्या देशाच्या परिचयाचे झाले. १९१९ साली तेथे कलाभवन निघाले. आपल्या कोल्हापूरकडचे विनायक मासोजी त्याच कलाभवनात शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. येथे राजा नव्हता. विद्यार्थी एकमेकांसाठी आणि ऋतूसाठी नाचत होते. इतर लोक ते पाहावयास येत, एवढेच.

दुसरा मुक्काम बडोदे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि १९५० साली त्यात ललितकलांची विद्याशाखा सुरू झाली. इंदूरला जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे यांनी तेथील चित्रकलाविभागाला आकार दिला. १९६१ साली या विद्याशाखेने आपला कलामेळा भरविला. शिक्षक व विद्यार्थी यांनी मिळून खेळणी करावी, मातीची भांडी घडवावी, मुखवटे रंगवावे आणि ती सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकावी, असा त्याचा बेत होता. चित्रशाळेची भिंत ओलांडून कला गावात आली, आणि विद्यार्थ्याला कळले की आपण घडविलेली वस्तू एखाद्या घरात जाऊन तेथे नांदणार आहे. पुढे चार वर्षांनी, १९६५ साली, म्हैसूर विद्यापीठाने नृत्याचा विभाग काढला आणि राजदरबारात नाचलेल्या के. वेंकटलक्षम्मा यांना तेथे शिकविण्यास बोलाविले. ज्या संस्थानाने नर्तकींना देवळाबाहेर काढले होते, त्याच भूमीत अर्धशतकानंतर एक नर्तकी विद्यापीठाच्या आसनावर बसली. इतिहास कधी कधी आपली चूक अशी मुकाट्याने दुरुस्त करतो.

आता हेसरघट्ट्याकडे वळू. बंगळूरकरांना हे नाव कलेमुळे नव्हे, पाण्यामुळे परिचित झाले. अर्कावती नदीवर १८९४ साली येथे जलाशय बांधला गेला आणि १८९६ साली शहराला पहिल्याने नळाचे पाणी मिळाले ते येथूनच. पुढे शहराची तहान वाढली, पाणी तिप्पगोंडनहळ्ळीहून आणि अखेर कावेरीवरून आणावे लागले. हेसरघट्टा मागे पडला. गवताळ माळ, गुरांची पैदास केंद्रे आणि फळबागांचे संशोधन एवढ्यावर त्याची ओळख उरली. अशा या माळावर प्रोतिमा बेदी यांनी नृत्याचे गाव वसविण्याचे मनात आणले.

प्रोतिमा बेदी यांचा जन्म १९४८ सालचा. मुंबईत त्यांचे नाव गाजले ते जाहिरातींतील रूपामुळे आणि बेदरकार वागण्यामुळे. १९७५ साली मुंबईच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांनी योगायोगाने ओडिसी नृत्य पाहिले आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. वयाची पंचविशी उलटलेली, संसार झालेला, अंगाला नृत्याची सवय नाही. तरी त्या कटकला जाऊन गुरू केलुचरण महापात्र यांच्यापुढे शिष्या म्हणून बसल्या. हट्टाने शिकल्या आणि नर्तकी झाल्या. आपल्याला उशिरा लाभले ते दुसऱ्यांना वेळेवर लाभावे, ही ओढ नृत्यग्रामाच्या कल्पनेमागे असावी असे मला वाटते. कर्नाटक सरकारने हेसरघट्ट्याजवळ दहा एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली. गोव्याचे वास्तुशिल्पी जेरार्ड द कुन्हा यांनी दगड, माती आणि गवत यांतून तेथील घरे उभारली. ११ मे १९९० रोजी तेव्हाचे पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या हस्ते नृत्यग्रामाचे उद्घाटन झाले.

मूळ योजना मोठी होती : सात शास्त्रीय नृत्यशैलींची सात गुरुकुले, आणि त्यांच्या जोडीला छाऊ व कळरिपयट्टू यांची दोन. सगळीच काही उभी राहिली नाहीत. पुढे नृत्यग्रामाचे नाव झाले ते मुख्यतः ओडिसीमुळे. पण शिक्षणाची रीत मात्र जपली गेली. विद्यार्थिनींनी गुरूच्या सान्निध्यात राहावे, अंगण झाडावे, भाजीपाला लावावा, व्यायाम करावा आणि तासन्तास नाचावे, असा तो दिनक्रम. सुरूपा सेन या येथे घडल्या, बिजयिनी सत्पथी १९९३ साली येथे आल्या, आणि या दोघींच्या नृत्याने या माळाचे नाव देशोदेशी नेले. कौशिकीने सांगितलेली कसोटी लावायची तर गुरुकुल तिला उतरले, असे निःशंकपणे म्हणता येईल.

या गुरुकुलाने नव्वदीच्या दशकात शहराला जे आमंत्रण दिले त्याचे नाव ‘वसंतहब्ब’. कन्नडमधील ‘हब्ब’ म्हणजे सण. तो शब्द संस्कृत ‘पर्व’ या शब्दापासून आला आहे, तेव्हा आपल्यालाही तो परका नाही. फेब्रुवारीच्या आरंभी, म्हणजे वसंतपंचमीच्या आसपास, एका संध्याकाळी हा उत्सव सुरू होई आणि सूर्योदयाला संपे. उघड्या आकाशाखाली पायऱ्यापायऱ्यांचे प्रेक्षागार. त्यावर देशातले नावाजलेले गायक, वादक, नर्तक, आणि त्यांच्याच रंगमंचावर गुरुकुलात घडलेल्या नर्तकी. तिकीट नाही, निमंत्रणपत्रिका नाही. शहरातला अधिकारी आणि शेजारच्या खेड्यातला शेतकरी एकाच पायरीवर बसत. रात्रभर नाटक पाहण्याची सवय कर्नाटकाला यक्षगानाने आणि आपल्याला दशावताराने व तमाशाने लावलेली आहे; तीच सवय येथे शास्त्रीय नृत्यसंगीताच्या वाट्याला आली. ज्या माळाने एके काळी शहराला पाणी पाजले, त्याच माळाने आता त्याला हेही पाजले.

मूल्य न घेणे म्हणजे काय, याचा येथे थोडा विचार केला पाहिजे. तिकीट काढलेला प्रेक्षक आपल्या पैशांसाठी बसून राहतो. फुकट आलेला प्रेक्षक कंटाळला की उठतो. त्यामुळे विनामूल्य सभा ही सोपी सभा नव्हे. शिकणाऱ्या मुलीला तिच्यासारखी कठोर परीक्षक दुसरी मिळणार नाही. राजाला मालविकेचे रूप पाहावयाचे होते. माळावरच्या शेतकऱ्याला तसा काही मतलब नाही. तो पहाटेपर्यंत बसला तर ते नाचाचेच यश.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये कैलास-मानससरोवराच्या यात्रेत माल्पा येथे दरड कोसळून प्रोतिमा बेदींचा अंत झाला. त्यांच्यामागेही वसंतहब्ब चालू राहिला, नव्हे, वाढला. २००४ साली तेथे सुमारे ४०,००० लोक जमले. दहा एकरांच्या गुरुकुलाच्या दारी चाळीस हजार माणसे! त्यांची वाहने, त्यांचे पाणी, दिवे, ध्वनियोजना, रात्रभराची व्यवस्था, हे सारे मोफत होत नसते. तो भार संस्थेवर आणि तिला साहाय्य करणाऱ्या व्यापारी कंपन्यांवर होता. डिसेंबर २००४ मध्ये दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्सुनामीचा घाला आला आणि पुढील वर्षीचा उत्सव रद्द झाला. त्यानंतर पैशाअभावी तो भरविता आला नाही. चाळीस हजारांची ती रात्र हेसरघट्ट्याने पुन्हा पाहिली नाही. नृत्यग्राम राहिले, त्यातले नृत्य राहिले. गेला तो उघडा दरवाजा. शांतिनिकेतनातही थोडे असेच झाले. गर्दी लाखांच्या घरात गेली, आणि २०१९ नंतर तेथील वसंतोत्सव पूर्वीसारखा सर्वांस खुला राहिला नाही.

यावर काही जाणते लोक म्हणतात की, फुकटाची हीच गत व्हावयाची. तिकीट लावले असते तर उत्सव जगला असता. या म्हणण्यात व्यवहार आहे. पण तिकीट लावून जो जगला असता तो हाच उत्सव असता का? शेजारच्या खेड्यातला शेतकरी त्यातून पहिल्यांदा गळला असता. मला या अपयशाचे कारण विनामूल्यतेत दिसत नाही. राजा गेला आणि त्याच्या जागी देणगीदार आला. पण लोक जेथे होते तेथेच, पायरीवर बसून राहिले. राजाची वेळ झाली की हरदत्ताचा प्रयोग राहतो, आणि देणगीदाराने हात आखडला की वसंत राहतो. आश्रयाचा आकडा वाढला, त्याची जात बदलली नाही.

याउलट, याच बंगळूरात चैत्रात काय होते ते पाहावे. रामनवमी आली की पेठेपेठेत मांडव पडतात. चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळी तर १९३९ पासून या निमित्ताने संगीताचा महोत्सव भरवीत आली आहे. पण मला सांगावयाचे आहे ते गल्लीतल्या लहान मांडवाविषयी. तेथे वाटेने जाणाऱ्या कोणालाही हाक मारून पानक आणि कोसंबरी देतात. गूळ, वेलदोडा घातलेले ते सरबत आणि भिजल्या डाळीची ती कोशिंबीर हातात पडली, की आपल्याकडच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची, पन्ह्याची आणि वाटल्या डाळीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बाजूला एखादा शिकाऊ मुलगा व्हायोलिन वाजवीत असतो, एखादी मुलगी नाचत असते. पानकाचे पैसे कोणी मागत नाही. मात्र तो गूळ कोणा एकाचा नसतो. गल्लीतल्या प्रत्येक घराने त्यात आपला वाटा घातलेला असतो. असला मांडव एका घराने हात आखडला म्हणून मोडत नाही.

वर्गणी हा शब्द आपण मराठी माणसे गणेशोत्सवामुळे पुरते ओळखतो, आणि तिच्या त्रासावर विनोदही करतो. पण विनामूल्य उत्सवाला टिकाऊ आधार मिळतो तो या थोड्याथोड्या वाट्यांनी. बडोद्याच्या कलामेळ्यात विद्यार्थी आपल्या हाताची मेहनत घालतात, पाहणारा चार पैसे देऊन खेळणे घरी नेतो. बंगळूरच्या कुमारकृपा रस्त्यावर कर्नाटक चित्रकला परिषद जानेवारीत चित्रसंते भरविते, तेथेही पाहावयास दाम पडत नाही आणि ऐपतीप्रमाणे विकत घेणाऱ्यांवर चित्रकारांचा तो बाजार उभा असतो. दोन्ही ठिकाणी पाहणारा नुसता पाहुणा नाही, थोडासा यजमानही आहे.

हेसरघट्ट्याच्या माळावर त्या चाळीस हजारांनी आपण पाहुणे आहोत असे मानले आणि पहाट झाल्यावर ते घरी गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. यजमानपण कोणी त्यांच्यापुढे ठेवलेच नव्हते. पुन्हा कधी एखादे गुरुकुल किंवा विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांसाठी असा दरवाजा उघडील, तेव्हा त्याने दाराशी तिकिटाची खिडकी बांधू नये. पण पानकासाठी गूळ मागावयास मात्र लाजू नये. हरदत्ताच्या प्रयोगाची पाळी कधी तरी यावयास हवी असेल, तर वेळ राजाच्या हाती असून चालणार नाही. ती सभेच्या हाती असली पाहिजे.